सीमेपलीकडचे गिरणगाव

माजलगाव तालुक्याची जमीन काळी आणि कापूस हे तिचे जुने पीक. सिंदफणेवरील धरणाचे पाणी शिवारात फिरू लागले तेव्हापासून उसाने बरीच जागा घेतली, हे खरे; तथापि दिवाळीनंतर आमच्या बाजारात आजही पांढऱ्या कापसाने भरलेल्या गाड्या उभ्या राहतात आणि जिनिंगच्या आवारात सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात. त्या गाठी पुढे कोठे जातात, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कापूस विकला, पट्टी हाती आली, की शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला. त्या कापसाचे सूत कोण काढतो, सुताचे कापड कोण विणतो, हा आमच्या ग्रामीण माणसाच्या दृष्टीने परमुलखातला व्यवहार आहे.

एके काळी तो अक्षरशः परमुलखातला व्यवहार होता. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात मोडत असे. आमच्या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात अलीकडचा प्रदेश 'मोगलाई' आणि पलीकडचा 'इंग्रजी' असे दोन मुलूख असत. मधे करोडगिरीची नाकी असत आणि माल इकडून तिकडे न्यावयाचा तर तेथे जकात भरावी लागे. मोगलाईतही औरंगाबाद, गुलबर्गा, नांदेड येथे गिरण्या निघाल्या होत्या. परंतु एकाच गावात चार-पाच गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकीत आहेत आणि भोंग्यावर सारे शहर उठते-बसते आहे, असे दृश्य आमच्या मुलखाच्या जवळपास पाहावयाचे तर ते सोलापुरातच. आगगाडी, छापखाने, वर्तमानपत्रे, सभा, संप या साऱ्या गोष्टी आमच्याकडील अनेकांनी प्रथम पाहिल्या त्या तेथेच.

आज सोलापूर पाहण्यास जाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. तुळजापूरचे देवीदर्शन, सिद्धेश्वराचे तळे, वेळ उरला तर पंढरपूर किंवा अक्कलकोट, आणि परततांना दोन चादरी. शहराच्या ज्या भागामुळे सोलापूर हे सोलापूर झाले, त्या भागाकडे कोणाची पावले वळत नाहीत. मुंबईच्या गिरणगावावर निदान पुस्तके तरी निघाली. सोलापूरच्या गिरण्यांच्या वाट्याला तेवढेही कौतुक आले नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात माजलगावच्या काही तरुणांना बरोबर घेऊन आम्ही सोलापूर पाहण्यास गेलो तेव्हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला. त्या दोन दिवसांत जे पाहिले व त्यामागे जो इतिहास आहे, तो या ठिकाणी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालाघाट उतरून तुळजापूरच्या रस्त्याने सोलापूर जवळ आले, की प्रथम एकरुखचा, म्हणजे लोकांच्या भाषेत हिप्परग्याचा तलाव लागतो. आदिला नदी अडवून इंग्रज सरकारने हा तलाव १८७१ मध्ये पुरा केला. दुष्काळी मुलखात पाण्याची सोय व्हावी हा हेतू होता. तलाव बांधून पाच वर्षे होतात न होतात तोच १८७६ चा भीषण दुष्काळ आला, आणि मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांचे सर्वाधिक हाल झाले त्यांत सोलापूर होते. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

शहराच्या नावाची व्युत्पत्ती शाळेतील गुरुजी सांगत ती 'सोळा गावांचे सोलापूर' अशी. विद्वानांना ती मान्य नाही. शिलालेखांत 'सोन्नलगे' हे नाव आढळते, आणि बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी जेथे तळे बांधले ते हेच गाव. मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या तोलीत निघणारी मिरवणूक त्यांच्याच स्मरणार्थ. तळ्याच्या काठी भुईकोट किल्ला आहे. या किल्ल्याची कथा मोठी विलक्षण. १५२४ मध्ये विजापूरची राजकन्या अहमदनगरच्या निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल केले होते. मुलगी दिली, किल्ला दिला नाही. त्यावरून दोन शाह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. पुढे चाँदबिबी निजामशाहीतून आदिलशाहीत सून म्हणून गेली तेव्हा तोच किल्ला उलट दिशेने आंदण गेला. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो पेशव्यांकडून घेतला आणि हा विषय कायमचा मिटला. किल्ल्यात आता बाग आहे. आमच्या तरुणांनी तेथे छायाचित्रे काढली. आम्ही त्यांना फार वेळ रेंगाळू दिले नाही.

कारण पुढचा टप्पा मुरारजी पेठेचा होता. सोलापुरात पेठा पुष्कळ, परंतु मुरारजी हे नाव कोणा सरदाराचे वा साधूचे नसून मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे आहे. शेठ मुरारजी गोकुळदास यांनी १८७४ मध्ये 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' स्थापन केली आणि १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या, तेव्हा हिला लोक 'जुनी गिरणी' म्हणू लागले.

मुंबईच्या धनिकाने गिरणीसाठी सोलापूरच का निवडावे? याचे पहिले उत्तर रेल्वे हे आहे. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. तोवर आसपासचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून समुद्राकडे जात असे व त्याला कित्येक आठवडे लागत. लोहमार्ग येण्यास आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटण्यास एकच गाठ पडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कधी नव्हते इतके चढले. त्या भरात मुंबईच्या अनेक पेढ्या गबर झाल्या आणि युद्ध संपताच तितक्याच वेगाने बुडाल्याही. ज्यांच्या हाती भांडवल शिल्लक राहिले त्यांनी कापूस परदेशी धाडण्यापेक्षा येथेच सूत काढण्याचा विचार केला. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी काढली तर वाहतुकीचा खर्च वाचतो, हा हिशेब साधा होता.

दुसरे उत्तर विणकर हे होय. सोलापुरात गिरणी येण्यापूर्वीपासून हातमागाचा धंदा होता. साळी, कोष्टी, मोमीन आणि विशेषतः तेलंगणातून आलेले पद्मशाली यांची वस्ती शहराच्या पूर्व भागात वाढत होती. शाळेत आपण शिकतो, की गिरणी आली आणि हातमाग मेला. सोलापूरच्या बाबतीत हे विधान जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे गिरणीने हातमागवाल्याला सूत पुरविले, आणि त्या सुताची नऊवारी लुगडी विणून हातमागवाला जगला. इतकेच नव्हे, तर पुढील काही दशके त्यांची संख्या वाढत गेली. गिरणीला दाराशीच गिऱ्हाईक मिळाले. हे पद्मशाली विणकर बहुतांशी मोगलाईतलेच, म्हणजे आमच्याच राज्याचे प्रजाजन. आम्ही उत्तरेकडून सोलापुराकडे पाहत होतो आणि ते पूर्वेकडून. मात्र या वाढीला एक काळी बाजूही होती. माग स्वतःचा असलेला विणकर हळूहळू कर्जात जाऊन 'कारखानदारा'च्या मागावर मजुरीने बसू लागला. त्याचा धंदा जगला; त्याचे स्वातंत्र्य जगले असे म्हणता येत नाही.

आणि तिसरे उत्तर, ज्याचा उच्चार गिरण्यांच्या गौरवग्रंथांत सहसा होत नाही, ते म्हणजे दुष्काळ. १८७७ साली गिरणीचा भोंगा प्रथम वाजला तेव्हा खेड्यापाड्यांत गुरे मेली होती आणि माणसे खडी फोडण्याच्या कामावर रांगा लावीत होती. अशा वेळी रोज वेतन देणारे दार उघडले तर त्या दारात गर्दी होणारच. भांडवलाने दुष्काळ आणला नाही, परंतु दुष्काळाने जो मजूर दारात आणून उभा केला त्याच्याशी मजुरीचा भाव ठरविताना मालकाला कष्ट पडले नाहीत. १८९६ पासून पुन्हा दुष्काळाची वर्षे आली आणि १८९८ च्या सुमारास लक्ष्मी व नरसिंग गिरजी या दोन नव्या गिरण्या उभ्या राहिल्या. विष्णू गिरणी आणि जामनगरच्या संस्थानिकांचे नाव धारण करणारी जाम गिरणी या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या. आमचे ऊसतोड कामगार दरवर्षी दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ज्या अवस्थेत मुकादमाच्या ट्रकमध्ये चढतात, ती अवस्था पाहिलेल्या माणसाला १८७७ चे सोलापूर समजण्यास फार पुस्तके वाचावी लागत नाहीत. मुकादम हा शब्दही तोच आहे.

जुनी गिरणी तिच्या भरभराटीच्या काळात लाखाहून अधिक चात्यांची होती आणि आशियातील मोठ्या गिरण्यांत तिची गणना होई. आता मुरारजी पेठेत जुन्या गिरणीचे आवार या नावाने जो भाग ओळखला जातो तेथे घरे आणि इमारती आहेत. रिक्षावाल्यास 'जुनी मिल' म्हटले की तो बरोबर नेऊन सोडतो; सोडल्यावर मात्र गिरणी दिसत नाही. पाहण्यासारखे काहीच उरले नाही असे वाटून आमचे तरुण खट्टू झाले. तेव्हा आम्ही त्यांना सांगितले, की या गिरणीचे खरे स्मारक दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आहे.

ती हकीकत अशी. २७ ऑगस्ट १९४९ रोजी व्यवस्थापनाने ही गिरणी बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे झाली होती आणि कापडाचा तुटवडा होता. सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला व पुढे त्याच वर्षी त्याचा कायदा केला. जुने संचालक दूर झाले, सरकारने नेमलेले संचालक आले. एका भागधारकाने या कायद्याविरुद्ध दाद मागितली. नव्या राज्यघटनेला वर्षही झाले नव्हते. केवळ एका कंपनीसाठी कायदा करणे हा समतेच्या तत्त्वाचा भंग नव्हे काय, असा प्रश्न होता. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने कायदा उचलून धरला: एखादी गिरणी आपल्या विशिष्ट परिस्थितीमुळे स्वतःच एक वर्ग ठरू शकते. चिरंजितलाल चौधरी खटला या नावाने तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकावा लागतो. परंतु प्रकरण तेथे थांबले नाही. सरकारी संचालकांनी अग्रहक्क भागांवरील उरलेली रक्कम भागधारकांकडून मागितली तेव्हा द्वारकादास श्रीनिवास नावाचे दुसरे भागधारक न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला: भरपाई न देता कंपनीचा ताबा घेणे म्हणजे मालमत्ता हिरावणे होय. सरकारला हे परवडणारे नव्हते. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली, त्यांत सोलापूरच्या या निकालाचा समावेश आहे.

मालकाची मालमत्ता आणि मजुराची भाकरी यांत राज्याने कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न भारतीय प्रजासत्ताकाने प्रथम सोडवावयास घेतला तो मुरारजी पेठेतील या गिरणीच्या निमित्ताने. न्यायालयात भागधारक उभे होते, सरकार उभे होते; ज्यांचे काम गेले त्या कामगारांना तेथे पक्षकार म्हणून जागा नव्हती. आमच्या मते येथे एखादा साधा दगडी फलक तरी लावावयास हवा.

विष्णू मिल चाळीच्या बाजूस आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस हटकले. "काय बघायला आलाव, फादर? इथं आता बघायला काय हाय?" ते लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या साचेखात्यात कामाला होते, वडीलही त्याच खात्यात. घरात कानडी, दारात मराठी, शेजारी तेलुगू, आणि खात्यात तिन्हींची खिचडी, असे त्यांनी हसत सांगितले. भोंग्याचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, की पहिला भोंगा उठण्याचा, दुसरा निघण्याचा आणि तिसरा दार बंद होण्याचा. तिसरा ऐकू आला की त्या दिवसाची मजुरी गेली. गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली. देणी किती मिळाली, असे आमच्यातील एका तरुणाने विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही; चहाला मात्र बसवून घेतले.

रेल्वे स्थानकापासून फार दूर नसलेल्या भय्या चौकात डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेला आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तेथेच मृत्यू पावला. चिनी पाहुणे भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांची आठवण काढतात. सोलापुरास येणारे आपण मराठी प्रवासी मात्र त्या चौकातून तसेच पुढे जातो. उद्योगपती वालचंद हिराचंदही सोलापूरचेच (१८८२). बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी यांचे मूळ शोधू गेले तर ते या गावातील एका जैन व्यापारी घराण्यापर्यंत येते.

१९३० च्या मे महिन्याची हकीकत मराठी वाचकास थोडीबहुत ठाऊक असते. तरी ती गिरण्यांच्या संदर्भात सांगितली जात नाही म्हणून येथे थोडक्यात देतो. ४ मेच्या रात्री गांधीजींना अटक झाली. त्यापूर्वी ६ एप्रिल रोजीच सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. अटकेची वार्ता येताच गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक व पोलीस यांत चकमक झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. जमावाने पोलीस चौकी व न्यायालय पेटविले, पोलीसही मारले गेले. इंग्रज अधिकारी मागे सरले आणि पुढचे तीनेक दिवस शहरात इंग्रजी अंमल उरला नाही. स्वयंसेवकांनीच वाहतूक व बंदोबस्त पाहिला. १२ मेपासून लष्करी कायदा लागला, तो ३० जूनपर्यंत टिकला. या काळात गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणे हाही धोका होता. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. त्यांतील कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत वावरणारे आणि 'गझनफर' हे पत्र चालविणारे. चौघांची केवळ आडनावे वाचली तरी गिरणगावाने माणसे कशी एकत्र आणली होती ते कळते. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले आणि विदेशी कापडाच्या बहिष्काराने बेकार झालेल्या इंग्रज गिरणी कामगारांत मिसळले. सोलापूर आणि डार्वेन, दोन्हीकडे कापडच होते आणि दोन्हीकडे पोटाचा प्रश्न होता.

हुतात्मा चौकात या चौघांचे पुतळे आहेत. तेथे प्रत्येक सहल थांबते. जेथे कोणतीच सहल थांबत नाही ते ठिकाण म्हणजे सेटलमेंट.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी अशा भटक्या जमातींत जन्म घेणे हाच गुन्हा ठरला. त्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवावयाचे, ठराविक वेळी हजेरी घ्यावयाची, आणि कुंपणाबाहेर जावयाचे तर परवाना. सोलापूरची वसाहत गिरण्यांच्या जवळ असणे हा योगायोग नव्हता. गिरणीला मजूर हवे होते आणि सरकारला या लोकांना 'उद्योगास लावावयाचे' होते. कुंपणातून निघून गिरणीत, गिरणीतून सुटून कुंपणात, असा त्यांचा दिनक्रम होता. बाकीच्या कामगारांना भोंगा होता. यांना भोंगा आणि हजेरी दोन्ही.

या पानांचा वाचक येथे विचारील, की मिशनरी तेव्हा कोठे होते? तर ते कुंपणाच्या दाराशीच होते. सोलापूर व बार्शी येथील वसाहतींची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. आमच्या त्या प्रॉटेस्टंट बांधवांनी तेथे शाळा चालविल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मुलांना हुन्नर शिकविले. त्या शाळांतून शिकलेल्यांच्या पुढच्या पिढ्या आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत आणि त्यांतील कित्येक जण त्या शाळांचे ऋण मान्य करतात. हे सारे खरे आहे. त्याचबरोबर हेही खरे आहे, की हजेरीचे पुस्तक त्याच व्यवस्थेच्या हाती होते. ज्याने रविवारी बंदिवानांना मुक्तीची सुवार्ता सांगावयाची, त्यानेच सोमवारी त्यांची मोजदाद करावयाची, ही गोष्ट धर्मगुरू म्हणून आम्हांस अस्वस्थ करते. प्रॉटेस्टंट मिशनची गोष्ट म्हणून ती दूर सारण्याचा मोह होतो. परंतु सरकारने तशीच जबाबदारी एखाद्या कॅथलिक संस्थेवर सोपविली असती तर त्या काळी तिने ती नाकारली असती, असे छातीठोकपणे सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. दया आणि कैद एका छपराखाली नांदू शकतात, हे आपल्या सेवाकार्याच्या इतिहासातले एक कठीण पान आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण ही माणसे त्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. कुंपण गेले, वस्तीचे नाव मात्र सेटलमेंटच राहिले. आमच्याबरोबरच्या तरुणांपैकी एक पारधी समाजाचा होता. वाटेत तो बडबड करीत आला होता; तेथे मात्र बराच वेळ गप्प उभा राहिला.

आता पुन्हा मोगलाईकडे वळू. निजामाच्या राज्यात सभाबंदी होती, वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते. तेथून निसटलेले कार्यकर्ते सोलापुरात आश्रय घेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे काही शिक्षण सोलापुरातच झाले. पुढे आमच्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी अध्यापन केले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सेनेची मुख्य फळी मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापुराहूनच निघाली. १३ सप्टेंबरच्या पहाटे ती सीमा ओलांडून नळदुर्गाकडे सरकली आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. करोडगिरीची नाकी गेली, मोगलाई आणि इंग्रजी हे शब्द म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरते उरले. मुक्तीच्या या आनंदाला गालबोट लागले तेही सांगितले पाहिजे. रझाकारांनी जे अत्याचार केले त्यांचा सूड नंतर धाराशिव, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांतील निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने त्याचा अहवाल दिला आणि तो कित्येक दशके जनतेपुढे आला नाही. मराठवाड्याच्या शाळांत १७ सप्टेंबरची भाषणे दरवर्षी होतात. हा भाग त्यांत नसतो.

गिरण्यांच्या अखेरीची कथा मुंबईसारखीच, फक्त तिच्यावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या नाहीत. जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धागा, व्यवस्थापनाची हेळसांड आणि शहराच्या मध्यावर आलेल्या जमिनीचे वाढते मोल. नरसिंग गिरजी गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व या शतकाच्या प्रारंभी थांबली. कापड मात्र थांबले नाही. पूर्व भागात फिरताना घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. हातमागाच्या लुगड्यांतून जेकार्डच्या चादरी आल्या, चादरींतून टॉवेल आले, आणि सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुष मागावर, बायका विड्या वळण्यावर, असा पूर्व भागातील पुष्कळ घरांचा संसार आहे.

कुंभारीकडे शहराबाहेर गेलो तेव्हा विडी कामगार स्त्रियांची वसाहत पाहिली. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभारलेली दहा हजार घरे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांना मिळाली, आणि त्यापुढच्या रे नगरातील तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. साम्यवादी विचारांशी आमचे जुने मतभेद आहेत आणि ते राहतीलही. परंतु विड्या वळणाऱ्या बाईच्या नावावर घर झालेले पाहिल्यावर त्या मतभेदांची चर्चा तेथे उभे राहून करावी, असे आम्हांस वाटले नाही.

सोलापूर पाहू इच्छिणाऱ्यांनी दोन दिवस काढून जावे. हिवाळा बरा, एप्रिल-मेमध्ये तेथे दिवसा बाहेर निघण्याची सोय नाही. पहिल्या दिवशी किल्ला, मुरारजी पेठ, गिरण्यांच्या चाळी, भय्या चौक. दुसऱ्या दिवशी सेटलमेंट आणि पूर्व भाग. अप्पासाहेब वारदांचा राजवाडा असलेली इंद्रभुवन ही महापालिकेची इमारत बाहेरून तरी पाहावीच. चिमण्या मोजण्याचा बेत कोणी करू नये. उंच चिमणी म्हणून दुरून दिसणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणीही विमानतळाच्या कारणासाठी जून २०२३ मध्ये पाडली गेली.

परतण्यापूर्वी साखर पेठेच्या बाजूस एका लहान कारखान्यात शिरलो. मालक तेलुगू भाषक, बोलणे अस्सल सोलापुरी. आम्ही माजलगावचे म्हणताच त्यांनी कापसाचा भाव विचारला. आमच्यातील शेतकऱ्याच्या मुलाने तो सांगितला आणि मग चादरीचा भाव विचारला. दोघांनीही दोन्ही आकडे मनाशी जुळवून पाहिले. मग मालकांनी आतून पाणी मागविले, माग थांबविला आणि ताणा कसा भरतात ते त्या मुलाला दाखवू लागले. बाहेर गाडी वाट पाहत होती. तरी आम्ही त्याला हाक मारली नाही.